बिंदगीपुरती उंची

आंबील गाडीच्या दाराखालच्या फटीतून बाहेर आली, पायरीवरून ओघळली आणि नाल्याच्या पाण्यात एक पांढरी रेघ ओढत निघून गेली. तोवर कुणी काही बोललं नव्हतं. आमच्या पिकअपचं पोट जांभ्याच्या खडकावर टेकलं होतं, मागची चाकं नुसतीच फिरून थांबली होती, आणि आम्ही तिघं एकाच काचेतून समोरच्या रिकाम्या आकाशाकडे पाहत होतो. मधे माझी बायको सुधारानी, दाराशी माझी आई रुद्रम्मा, आणि आईच्या मांडीवर आडवी झालेली पितळेची बिंदगी, म्हणजे आमच्याकडची घागर.

आमच्या घराची रीत अशी. येळवशीच्या सकाळी, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील बिंदगीत भरायची. घरातल्या थोरल्या बाईनं ती शेतात न्यायची, कडब्याच्या कोपीत लक्ष्मीपुढं ठेवायची, आणि पूजा झाली की उभ्या पिकात तिचा चर, म्हणजे शिंतोडे, शिंपायचा. शेतानं वर्षभर आपल्याला खाऊ घातलं, एक दिवस आपण त्याला पाजायचं, एवढाच त्यातला हिशेब. मात्र उंबऱ्यापासून कोपीपर्यंत बिंदगी जमिनीला टेकता कामा नये, आणि नेणारीनं तोंडातून शब्द काढता कामा नये. त्यामुळे बिदरहून कमठाण्यापर्यंत आईचं मौन रीतीचं होतं की माझ्या गाडी चालवण्याविषयीचं, हे कळायला मार्ग नव्हता. आता बिंदगी रिकामी झाली होती, म्हणजे रीत सुटली होती. तरीही ती बोलली नाही, तेव्हा कळलं.

बोलली ती संध्याकाळी, घरी आल्यावर, ओसरीवर गुडघ्याला तेल चोळताना.

"पुढल्या येळवशीला मी न्हाई येत, लिंगराज. गुडघे बी नको म्हणायलेत, आन् तुझी गाडी बी."

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिची एकही येळवस चुकली नव्हती. पूर्वी ती बिंदगी डोक्यावर घेऊन चालत जाई. मग बैलगाडी आली, मग बैल गेले, आणि त्यांच्या जागी मी ही पिकअप आणली, जी एरवी आमच्या दुकानाची सरकी पेंड गावोगाव पोचवते. थोडक्यात, बैलांनी जे कधी सांडलं नव्हतं, ते मी सांडलं होतं.

"आई, बिंदगी सुधाकडं दे की," मी म्हणालो.

"तुझ्या बायकोकडं?" आईनं तेलाची वाटी खाली ठेवली. "नाल्यापर्यंत तोंड बंद राहील का तिचं? वेशीतच कुणाला तरी विचारील, कामून उभारलाव म्हणून."

"ऐकायलेय मी, आत्या," स्वयंपाकघरातून सुधारानी म्हणाली. "आन् वेशीत कोण उभारलंय ते विचारल्याबिगर कळणार कसं?"

विषय तिथं मिटला. पण माझ्या मनात ती पांढरी रेघ वाहतच राहिली. मी आधुनिक मराठी कवितेचा पदव्युत्तर पदवीधर आहे. एखादी प्रतिमा मनात रुतली की ती काढण्याचं कोणतंही हत्यार माझ्यापाशी नसतं. दुःखाचं काही करता येत नाही तेव्हा माणूस गाडीचं काहीतरी करतो. मी गाडी उचलायचं ठरवलं.

उचलायचं म्हणजे तिचं पोट जमिनीपासून आणखी वर न्यायचं, आणि तेही पेंडीच्या दुकानाला परवडेल अशा बेतानं. ही गोष्ट मी दुकानासमोरच्या बाकावर बोलून दाखवली, ही माझी पहिली चूक. आमच्या गल्लीत एखाद्याला ताप आला तर लोक औषध सांगतात. गाडीचं नाव काढलं तर लोक खुर्ची घेऊन येतात.

गुरुशांतप्पा हे निवृत्त बसचालक. त्यांनी आयुष्यभर सरकारी बस चालवली आणि त्या बसमधून उतरलेल्यांपैकी कुणीही त्यांच्या कौशल्यावर मतभेद नोंदवायला परत आला नाही. ते म्हणाले, "टायर बदल. मोठं टायर घाल. गाडी आपोआप वर जातीय."

"वळताना मडगार्डाला घासतील की, अण्णा."

"मग वळू नको," ते म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकून त्यांनी विषय संपवला.

श्रीपतराव तहसीलमधून निवृत्त झाले होते, पण तहसील त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांना टायरशी कर्तव्य नव्हतं. "गाडीची उंची बदलली म्हणजे गाडी बदलली," ते शांतपणे म्हणाले. "आन् गाडी बदलली म्हणजे मालक बी तोच हाय का, हे बघावं लागतंय." त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. मी तोच आहे का, हा प्रश्न एवढ्या प्रशासकीय सुरात मला कुणी विचारला नव्हता.

तिसरा सल्ला संघपाल सरांचा. ते पॉलिटेक्निकमध्ये यंत्रशास्त्र शिकवतात आणि आमच्या शेजारी राहतात. त्यांनी सल्ला देण्याऐवजी विचारलं, "लिंगराजअण्णा, खडकाला नेमकं काय लागलं होतं?"

मी बघितलंच नव्हतं. मी फक्त आंबील बघितली होती. सर इस्त्रीच्या पँटीसकट गाडीखाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, "आडवा दांडा लागलाय. चार बोटं अंग वर गेलं की सुटतंय. पण वर न्यायच्या तऱ्हा लई हायत."

त्यातली पहिली तऱ्हा हैदराबादेत मिळत होती. नव्या कोऱ्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, सगळं एका चकचकीत खोक्यात. सरांनी फोनवर चित्र दाखवलं. चित्रातली गाडी एका डोंगरमाथ्यावर उभी होती, मावळतीचा प्रकाश तिच्या काचेवर पडला होता, आणि तिच्या आसपास कुणाचीही आई नव्हती. किंमत ऐकल्यावर सुधारानी म्हणाली, "एवढ्यात नाल्यावर पूल होतोय." दुसरी तऱ्हा होती आसाच्या आणि कमानीच्या, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगेच्या, मधे लोखंडी ठोकळा बसवायची. ती स्वस्त होती. पण वळणावर ठोकळा सरकला तर काय होईल, हे सरांनी दोन्ही हातांनी करून दाखवलं, आणि त्यांचे हात ज्या पद्धतीनं एकमेकांपासून विलग झाले ते मला आवडलं नाही. तिसरी तऱ्हा म्हणजे मागच्या कमानीत एक जादा पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, घालायचा.

पाट्यासाठी मी उदगीर रस्त्यावरच्या खाजाभाईंच्या गॅरेजात गेलो. त्यांनी भंगाराच्या ढिगातून एक काळाकभिन्न, वाकलेला पाटा ओढून काढला आणि जमिनीवर आपटला. तो घंटेसारखा वाजला.

"ये देखो अण्णा. लॉरी का है. लॉरी मर गई, पाटा नई मरा."

संघपाल सर माझ्या कानाशी म्हणाले, "लॉरीचा हाय, कापून बसवला तरी लई कडक पडंल. वजनाची सवय असतीय त्याला." मला ते ऐकू आलं. पण लॉरी मेली, पाटा मेला नाही. या एका ओळीत मृत्यू, वारसा आणि पोलाद इतक्या निर्विकारपणे एकत्र आले होते की मी भारावून गेलो. माणसं घरं घेतात खिडकीसाठी, लग्न करतात आवाजासाठी. मी एका ओळीसाठी पाटा घेतला.

पाटा बसला आणि गाडीचं बूड वर गेलं. बूडच फक्त. नाक खाली राहिल्यामुळे ती कुणाच्या तरी पाया पडायच्या बेतात असल्यासारखी दिसू लागली. दारात आणून उभी केली तेव्हा सुधारानीनं तिच्या टपावर हात ठेवला आणि म्हणाली, "औक्षवंत हो." दिवे स्वतःच्याच चाकांपुढची जमीन न्याहाळत होते. अशी अंतर्मुखता माणसाला शोभते; मालवाहू गाडीला शोभत नाही. म्हणून मग पुढची बाजू आवळून वर घेतली. आता ती दोन्ही अंगांनी उंच झाली, आणि तिला स्वतःविषयी काहीतरी वाटू लागलं असावं, कारण ती नुसती उभी असतानाही दम धरून असल्यासारखी दिसे.

आई बाहेर आली. दाराची पायरी तिच्या मांडीपर्यंत येत होती.

"ही गाडी हाय का माळवद?" तिनं विचारलं, आणि आत गेली.

गुरुशांतप्पांनी लगेच त्यांच्या घरचा पूजेचा चौरंग आणून दिला. आईला चढायला गाडी उचलली, आणि उचललेल्या गाडीत आईला चढवायला चौरंग. मला त्यात उन्नतीविषयी काही सनातन दिसत होतं, पण ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत घरात कुणी नव्हतं.

वार्षिक तपासणी नेमकी त्याच पंधरवड्यात, येळवस महिन्यावर असताना, आली. परिवहन कार्यालयाच्या आवारात साहेब एक लांब मोजपट्टी घेऊन गाडीभोवती फिरले, थांबले, पुन्हा फिरले. आपण मोजतो आहोत ती वस्तू मोजता मोजता वाढते आहे की काय, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"कामून उचललाव हो?" त्यांनी कन्नडच्या सुरातल्या मराठीत विचारलं.

श्रीपतराव माझ्यासोबत आले होते. त्यांनी मला घरून एक उत्तर पाठ करून दिलं होतं, त्यात 'मालवाहतुकीच्या व्यापक हिताच्या दृष्टीने' असे शब्द होते. पण साहेबांनी ज्या सुरात विचारलं त्या सुराला खोटं उत्तर देणं मला जमलं नाही.

"आंबील सांडू नये म्हणून, साहेब."

श्रीपतरावांनी डोळे मिटून घेतले. साहेब मोजपट्टी गुंडाळत राहिले; ती पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "आमचं गाव ठाणाकुशनूर. येळवशीला जाऊन लई वर्षं झाली. सुट्टीच मिळंना." मग त्यांनी आवाज पुन्हा सरकारी केला. "येळवस झाली की गाडी मूळची करून दाखवायची. तोवर पासिंग न्हाई, आन् माल भरायचा न्हाई."

आमच्याकडे एक नियम कोणत्याही कार्यालयाच्या नियमापेक्षा जुना आहे. येळवशीचं नाव ज्याच्यासमोर निघालं, त्याला शेतात जेवायला बोलवावंच लागतं. ज्याचं शेत नाही त्याला, ज्याचं आहे पण दूर आहे त्याला, रस्त्यानं चाललेल्याला, दंड करणाऱ्यालाही. मी म्हणालो, "साहेब, आमच्या शेतात या." ते म्हणाले, "येतो. सासूबाईंना बी आणतो."

घरी येऊन मी हे सांगितलं. आई शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला.

"साहेबाच्या सासूला बोलावलास? आन् मी घरात बसून ऱ्हाऊ व्हय? शेतात तिला पान कोण वाढील?"

जे पाट्यानं झालं नव्हतं, ते साहेबांच्या सासूबाईंनी न येताच केलं. आई येणार होती. मी दुकानात जाऊन पेंडीच्या पोत्यांआड थोडा वेळ एकटा बसलो.

मग चाचणी घेतली. बिंदगीत पाणी भरलं, ती सुधारानीच्या मांडीवर दिली आणि गल्लीतून एक फेरी मारली. रिकाम्या गाडीत तो लॉरीचा पाटा मेलेला नव्हता, हे खाजाभाईंनी खरंच सांगितलं होतं. पहिल्या खड्ड्याला गाडी पाडसासारखी उडाली. दुसऱ्या खड्ड्याला बिंदगी उडाली. परत आलो तेव्हा सुधारानी कमरेपासून खाली ओली होती.

"खडकावर सांडत होती ते बरं होतं," ती पदर पिळत म्हणाली. "आता सबंध रस्त्यानं सांडंल. चर शिंपायला शेतापर्यंत जायाचीबी गरज न्हाई."

"सांगितलं होतं की," संघपाल सर हळूच म्हणाले. "वजन पायजे त्याला. पाठीमागं वजन असलं की मऊ चालंल."

पोती भरता येत नव्हती. साहेबांनी माल नको म्हटलं होतं, आणि येळवशीला दुकानाचं पोतं हलवायचं नाही हा आईचा दंडक होता. तेव्हा वजन म्हणून माणसं घ्यायची ठरली. ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला होता त्यांनी त्या सल्ल्याच्या शेवटापर्यंत यावं, यात मला काव्यात्म न्याय वाटला.

येळवशीच्या सकाळी पुढं आम्ही तिघं बसलो. मागं गुरुशांतप्पा सहकुटुंब, श्रीपतराव, संघपाल सर आणि त्यांच्या पत्नी पंचशीलाताई. खाजाभाई "अपना काम देखने" आले. एवढ्यावर गाडी खरोखर लोण्यासारखी चालू लागली. बिंदगीतल्या आंबिलीवर तरंगसुद्धा उठत नव्हता. आईचे दोन्ही हात बिंदगीच्या गळ्याभोवती होते, मांडीवर जुन्या लुगड्याची चुंबळ होती, आणि तिच्या मौनात या खेपेला धार नव्हती. पण वाटेत साहेब जीप बंद पडून उभे होते. जीपमध्ये सासूबाई होत्या, दोन मेहुणे होते आणि भज्जीचं, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीचं, भलंमोठं पातेलं होतं. तपासणी अधिकाऱ्याला मालगाडीत बसा म्हणताना माझी जीभ अडखळली. ते म्हणाले, "आज अमावास्या हाय," आणि मागं चढले. पुढं कमठाण्याच्या वेशीत आणखी कुणीकुणी उभे होते. रिकाम्या हातानं शेताकडे चाललेल्या माणसाला येळवशीला न घेता पुढं जाता येत नाही.

नाल्यात उतरलो. खडक तिथंच होता. मी अगदी सावकाश गेलो, आणि खडकानं गाडीच्या पोटाला स्पर्श केला. जुन्या ओळखीच्या माणसानं खांद्यावर हात ठेवावा इतका हलका. गाडी थांबली. आंबील सांडली नाही.

मागून एकेक जण पाण्यात उतरला. सगळे वाकून बघू लागले.

"एवढी माणसं भरल्यावर बसणारच की," साहेब म्हणाले. "आता रिकामी झाली, उठली बघा. जातीय आता."

"जातीय," संघपाल सर म्हणाले. "पण उडत जातीय."

"उडती तो उडती," खाजाभाई म्हणाले. "पार तो होती."

"टायर मोठं घातलं असतं तर," गुरुशांतप्पांनी सुरुवात केली.

थोडक्यात, भरली तर टेकत होती आणि रिकामी केली तर सांडत होती. वर्षभर मी जिला उचलत होतो ती गाडी मला पुन्हा त्याच पाण्यात, त्याच खडकापाशी घेऊन आली होती. मी सुकाणूवर हात ठेवून समोर पाहत राहिलो. शेजारी वळून बघायची हिंमत झाली नाही. आई बोलू शकत नव्हती. बिंदगी भरलेली होती. तिला चालता येणार नव्हतं, आणि चौरंग घाईत दारातच राहिला होता.

सुधारानी केव्हाच मला ओलांडून माझ्या बाजूनं उतरून, साडी खोचून नाल्यात उभी होती आणि सगळ्यांना एकदम सूचना देत होती. मेहुण्यांनी दगड कुठं टाकावेत, सासूबाईंनी कुठून यावं, पातेलं कुणी धरावं. तिचं वाक्य अर्धं होतं तेव्हा आईनं तिच्या बाजूचं दार उघडलं आणि तर्जनी वाकवून तिला बोलावलं.

सुधारानी दारापाशी आली. आईनं मांडीवरची चुंबळ काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. थोडी डावीकडे सरकवली, दाबून पाहिली. मग तिनं बिंदगी पुढं सरकवली. तिला ती उचलावी लागली नाही आणि सुधारानीला वाकावं लागलं नाही. त्या उचललेल्या गाडीत बसलेल्या आईची मांडी आणि खाली पाण्यात उभ्या असलेल्या तिच्या सुनेचं डोकं बरोबर एका पातळीत होतं. इतक्या सल्ल्यांतून, इतक्या पाट्यांतून आणि मोजपट्ट्यांतून मी जी उंची शोधत होतो, ती एवढ्यासाठी होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बिंदगी मांडीवरून चुंबळीवर गेली. आईचे हात क्षणभर तसेच तिच्या गळ्याशी राहिले, आणि मग सुटले.

सुधारानीनं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं.

नाल्यातले सगळे बाजूला झाले. ती एका हातानं बिंदगी धरून पाण्यातून निघाली, खडकाला वळसा घालून पलीकडे चढली.

"चल," आई मला म्हणाली. त्या दिवसाचा तिचा तो पहिला शब्द. "घे गाडी."

गाडी खडकावरून उडी मारून पार झाली. आईचं डोकं टपाला लागता लागता राहिलं. तिनं दाराची कडी धरली, पदर सारखा केला, आणि दुसऱ्या उडीला तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. ती हसत होती.

"बरी हाय गाडी," ती म्हणाली. "मोडू नको तिला."

साहेबांना काय सांगायचं, हे मी पुढं बघून घेईन म्हटलं.

पाऊलवाट ज्वारीत शिरते तिथं आम्ही सुधारानीला गाठलं. कणसं तिच्या खांद्याला लागत होती. आईनं मला थांबायची खूण केली आणि खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"सुधा," तिनं हाक मारली. "जड लागायलंय का गं?"

मागून येणारी सगळी माणसंही थांबली. गुरुशांतप्पांनी सुपारी चावायची थांबवली. सुधारानीच्या मानेची शीर किंचित ताठ झाली, एवढंच मला दिसलं. मग तिनं मोकळ्या हातानं समोरची दोन कणसं बाजूला केली, आणि मागं न बघता, काही न बोलता, ती कोपीच्या दिशेनं चालत गेली.